घरटी एक माणूस

मगदुमांच्या पडवीत मी चहाचा कप हातात घेऊन बसले होते. समोर दाराच्या चौकटीला टेकून एक पोरगा उभा होता. विशीतला, केस विस्कटलेले, डोळे लालसर. भूपालआप्पा त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यो आमचा अभिनंदन." मी त्या पोराला जन्मात कधी पाहिलं नव्हतं. आणि गेले तीन महिने त्याच्यावर उपचार मीच करत होते.

चहा गरम होता म्हणून बरं. गिळायला थोडा वेळ मिळाला.

"आप्पा, मग माझ्याकडे दर आठवड्याला येतो तो कोण?"

"त्यो व्हय? त्यो सन्मती. आमच्या धाकट्या भावाचा." आप्पांनी कौतुकानं विचारलं, "चांगला हाय न्हवं पोरगा?"

चांगला होता. इतका चांगला होता की त्याच्यावर मी बेळगावात विद्यार्थ्यांसमोर भाषण ठोकून आले होते.

आता मागचं सांगते. मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे. नाव लांबलचक असलं तरी काम साधं आहे. व्यसनात अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं, त्याच्या घरच्यांशी बोलत राहायचं, आणि या दोघांनी माझ्याशी बोलणं सोडू नये एवढं बघायचं. गोळ्या डॉक्टर देतात. माहेर नंदगडचं, नोकरी बेळगावातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात. आठवड्यातून एक दिवस मी बसनं तवंदीचा घाट उतरून निपाणीला येते. तिथं एका दवाखान्याच्या मागची खोली आम्हाला दिलेली आहे. टेबल, तीन खुर्च्या आणि एक पंखा. पोरं गप्प बसली की पंखा बोलतो.

माझ्याकडे येणाऱ्यांत काही पोरं कोर्टानं पाठवलेली असतात. पोरगं पहिल्यांदाच सापडलेलं असतं, जवळचा गांजा स्वतःपुरताच असतो, गुन्हा कबूल केलेला असतो. अशा वेळी कोर्ट त्याला तुरुंगात न घालता हमीपत्रावर सोडू शकतं. त्याला प्रोबेशन म्हणतात. अट एकच, उपचार पुरा करायचा. उपचाराचा रिपोर्ट कोर्टात जातो. रिपोर्ट बरा असला तर सुटका, नाहीतर हिंडलग्याचा रस्ता. तिथलं जेल आमच्याकडच्या सगळ्या पोरांना बाहेरून माहीत असतं.

या पोरांवर नजर ठेवतात ते प्रोबेशन ऑफिसर, आमचे हिरेमठ सर. बोलणं कन्नड, पण पोरांवर रागवायचं झालं की मराठीत शिरतात. कन्नडमध्ये रागावलं की आपलं आपल्यालाच वाईट वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

अभिनंदन मगदूम बेळगावात डिप्लोमाला होता. उद्यमबागेच्या मागच्या मोकळ्या जागेत मित्रांबरोबर ओढताना सापडला. मित्र पळाले, हा बसून राहिला. मला नंतर म्हणाला, "पळायला सुचाय पायजे की, आक्का." कोर्टानं प्रोबेशन दिलं. आधी काही दिवस आमच्या बेळगावच्या केंद्रात ठेवलं, मग घराजवळ बरं पडेल म्हणून पुढचा उपचार निपाणीत, माझ्याकडे. तो बेळगावात दाखल होता तेव्हा मी भावाच्या वास्तुशांतीला रजेवर होते, त्यामुळे त्याला पाहिलंच नव्हतं. आधारकार्डाची झेरॉक्स माझ्याकडे होती. तिच्यावरून सख्ख्या आईनंही पोरगा ओळखला नसता, आणि मगदुमांच्या घरात तर सगळी नाकं एकाच साच्यातली.

आमच्या धंद्यात एंगेजमेंट असा एक शब्द आहे. साखरपुडा नव्हे. पोरगा खुर्चीत बसला म्हणजे उपचारात आला असं होत नाही. कोर्टाच्या धाकानं आलेली पोरं खुर्चीत असतात, पण जीव बाहेर लावलेल्या बाईकवर असतो. 'व्हय आक्का', 'सोडला आक्का' आणि 'जाऊ का आक्का' एवढ्यावर तास काढतात. त्यांचं मन खरोखर खुर्चीत आणून बसवणं म्हणजे एंगेजमेंट. गांजावाल्या पोरांच्या बाबतीत हे फार जड जातं, कारण त्यांच्या मते दारू म्हणजे व्यसन आणि गांजा म्हणजे झाडपाला.

आणि अशा पोरांत हा हिरा येऊन बसला. वेळेच्या आधी यायचा. चप्पल दाराबाहेर काढायचा. येताना भाजलेल्या शेंगा आणायचा. मी बोलत असताना मान डोलवायचा, आणि न कळलं तर विचारायचा, "आक्का, ट्रिगर म्हंजे नेमकं काय?" मी सांगायची, ज्या गोष्टीनं ओढायची आठवण होते ती. जागा, माणूस, वेळ, काहीही. तो विचार करून म्हणायचा, "मग गच्ची. संध्याकाळची गच्ची." मी मनात म्हणायची, काय स्वतःला ओळखलंय पोरानं!

ओढल्यावर कसं होतं, ते तो फार छान सांगायचा. डोळे लाल होतात, उगीच हसू येतं, जेवण झालं तरी परत भाकरी शोधायला जातो. "आणि आतून कसं वाटतं?" असं विचारलं की मात्र अडखळायचा. "त्ये जरा नीट सांगाय येईना झालंय बगा." मी समजून घ्यायची. लाजतोय, म्हणायची.

लघवीची तपासणी आम्ही किटवर करतो. त्याची तपासणी दर वेळी स्वच्छ. गांजा अंगातून सावकाश जातो, रोज ओढणाऱ्यानं सोडला तरी काही आठवडे लघवीत दिसत राहतो. याची तर पहिल्याच दिवशी निर्मळ. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण माणूस यशाची फार चौकशी करत नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, ही केस विद्यार्थ्यांसमोर मांडा." मी मांडली. टाळ्या पडल्या. पडायच्याच, कारण त्या पोरानं आयुष्यात साधी सुपारी खाल्ली नव्हती.

कोर्टाचा रिपोर्ट देण्याआधी एकदा घरी जाऊन घरच्यांना भेटावं लागतं. म्हणून मी नेहमीचा वार सोडून बोरगाव रस्त्यावरच्या त्यांच्या गावी गेले होते आणि आता पडवीत बसले होते.

भूपालआप्पा साठी उलटलेले, पांढरी टोपी, ऊस आणि तंबाखूची शेती, गावात शब्दाला मान. अभिनंदनचा बाप, म्हणजे आप्पांचा मधला भाऊ, पोरगा लहान असतानाच वारला. तेव्हापासून घर आप्पांच्याच शब्दावर चालत होतं. कोर्टात जामीनही तेच राहिले होते.

"आप्पा," मी म्हटलं, "कोर्टानं बोलावलं होतं अभिनंदनला."

"कोर्टानं सांगितलं, दर हप्त्याला जायाचं. आमी कवा चुकवलंय?" आप्पा ताठ बसले. "आमच्यात चाल हाय मॅडम. लगीन असू द्या, मैत असू द्या, जैन बस्तीतली पूजा असू द्या. घरटी एक माणूस गेलंच पायजे. आजवर मगदुमांची जागा मोकळी ऱ्हायली न्हाई."

"पण ज्याची केस आहे त्यानं..."

"ह्याला पाठवायचा?" आप्पांनी दाराकडे हात केला. "आन् शोभा करून घ्यायची? ह्यो तितं काय बी बरळला असता. सन्मतीला रीत कळती. आवो, आमच्या घरात चातुर्मासात कांदा येत न्हाई, आन् ह्यो गांजा घिऊन येतोय!"

खरं सांगते, मला राग यायला हवा होता, पण हसू दाबताना पुरेवाट झाली. व्यसनमुक्ती केंद्रात कुणाला पाठवायचं, तर घरातल्या सगळ्यांत निर्व्यसनी पोराला. आप्पांच्या बाजूनं बघितलं तर त्यात चूक काहीच नव्हती. त्यांनी माझ्याकडे घराण्याचा मान राखणारा माणूस धाडला होता.

तेवढ्यात तो माणूस वैरणीचा भारा घेऊन अंगणात शिरला. मला बघून भारा त्याच्या डोक्यावरच राहिला.

"आक्का... आज तुमचा वार न्हाई की."

"आणि तू अभिनंदन नाहीस की."

सन्मतीनं भारा खाली टाकला. रडवेला झाला. "मी सांगणार हुतो, आक्का. पर पयल्या दिवशी तुमीच म्हणालासा, ये अभिनंदन, बस. म्हणून बसलो. पुडं उठायचं कसं त्येच कळंना." मग घाईनं म्हणाला, "पर तुमी सांगितल्यालं सगळं मी घरात यिऊन अभीला सांगतोय. एक शबुद गाळला न्हाई."

मी दारातल्या पोराकडे वळले. "सांगतो का हा?"

अभिनंदन पहिल्यांदाच बोलला. "सांगतोय की. रोज जेवल्यावर गच्चीवर बसवून."

"मग? काही उपयोग?"

"ओढू वाटलं की धा मिनटं थांबायचं, असं तुमीच सांगितलंय न्हवं? थांबतो."

"आणि दहा मिनिटांनी?"

"ओढतो."

आता मात्र मला हसू आवरलं नाही. सन्मती कपाळाला हात लावून उभा. आप्पांना माझं हसणं आवडलं नाही आणि ते बरोबरच होतं, कारण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मी कप खाली ठेवला आणि त्यांना समजावून सांगितलं. हे कोर्टाला कळलं तर अभिनंदनचं प्रोबेशन रद्द होऊ शकतं, म्हणजे तो आत. सन्मतीवर दुसऱ्याच्या नावानं हजेरी लावल्याचा ठपका. जामीन राहिलेले आप्पाही गोत्यात. आणि रिपोर्टाची तारीख पंधरवड्यावर आलेली.

आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "मग कळवायचंच कशाला? रिपोर्ट चांगला हाय म्हणतायसा न्हवं. सन्मती येतोय की शेवटपत्तूर."

"आप्पा, सन्मतीला बरं करून मी काय करू? तो बराच आहे."

घरात जाऊन अभिनंदनच्या आईशी बोलले. ती चुलीपुढं नुसती डोळे पुसत होती. मग मी अभिनंदनला घेऊन मागच्या खळ्यावर गेले. तंबाखू वाळत घातलेला होता. त्या वासानं दोघंही शिंकलो, त्यामुळे सुरुवात जरा सोपी झाली.

"तुझ्या जागी दुसरा जातोय, तर तुला काही वाटलं नाही?" मी विचारलं. मला वाटलं, म्हणेल की बरंच झालं, सुटलो.

तो तंबाखूचं एक पान बोटात चुरत राहिला. "मला कुटंच पाठवत न्हाईत, आक्का. लग्नाला न्हाई. मैताला न्हाई. गाडीची किल्ली सुदीक देत न्हाईत. सन्मतीला सगळीकडं." थांबून म्हणाला, "म्हटलं, निदान माजी केस तर माजी असंल. त्ये बी त्यालाच दिली."

मला फार वाईट वाटलं. तीन महिने मी ट्रिगर, ट्रिगर करत होते आणि या पोराला स्वतःचा गुन्हासुद्धा स्वतःच्या नावावर मिळाला नव्हता. पण गांजा ओढणारा पोरगा दया दाखवली की ती लगेच खिशात घालतो आणि पुढं सरकतो, हे मला माहीत आहे. म्हणून मी एवढंच म्हटलं, "बरं. आता केस तुझी. कोर्टाची बोलणीही तूच खायची."

दुसऱ्या दिवशी बेळगावात हिरेमठ सरांना सगळं सांगितलं. त्यांनी पेन बंद केलं.

"एनरी, काय हो मॅडम, म्हणजे तीन महिने खपून तुम्ही एका चांगल्या मुलाला चांगलं केलंत?"

"हो सर."

"आणि त्याच्यावर भाषणही दिलंत."

"हो सर."

"टाळ्या?"

"पडल्या, सर."

ते खिडकीकडे तोंड करून बराच वेळ खोकले. मग कामाचं बोलले. "नाही सांगितलं तर सगळे खूश. मगदूम खूश, कोर्ट खूश, तुमचे डॉक्टर खूश."

"आणि अभिनंदन?"

"तो ओढेल. पुन्हा सापडेल. दुसऱ्या वेळी कोर्ट एवढं मऊ असत नाही." त्यांनी पेन परत उघडलं. "सांगूया. बोलणी तुम्ही पण खाणार, मी पण."

सांगितलं. खाल्ली. न्यायाधीश बाईंनी आधी मला विचारलं की समोर कोण बसलंय हे बघायची पद्धत तुमच्या केंद्रात आहे की नाही. मग हिरेमठ सरांना विचारलं की तुम्ही नुसते फोनवरच देखरेख करता का. मग आप्पांना उभं केलं. आप्पांनी स्वच्छ कन्नडमध्ये, कसलाही आडपडदा न ठेवता, घरटी एक माणसाची चाल समजावून सांगितली. मगदुमांनी एकही हप्ता चुकवला नाही, हेही सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "लग्नाला घरातलं कुणीही जावं. शिक्षेला ज्याचं त्यानंच जायचं असतं."

सन्मतीला कडक समज मिळाली. मागचे तीन महिने पाण्यात गेले. नव्यानं सहा महिन्यांची मुदत दिली आणि यात चूक झाली तर थेट आत, असं बजावलं. कोर्टाबाहेर आप्पा मला म्हणाले, "मॅडम, आता ह्याला मी सोता तुमच्या दारात आणून सोडतो."

"नको. तो एकटा येईल."

"आन् वाटंत पळाला तर?"

"पळाला तर मी हिरेमठ सरांना सांगेन. पण सोडायला कुणी आलं, तर मी दार उघडणार नाही."

आप्पांनी हिरेमठ सरांकडे पाहिलं. सरांनी आभाळाकडे पाहिलं.

पहिल्या दिवशी अभिनंदन आला तो अर्धा तास उशिरा, आणि डोळ्यांवरून कळत होतं की ओढून आलाय. किटनंही तेच सांगितलं. मी म्हटलं, "अभिनंदन!" तो गोंधळला. नावानं हाक मारली की कौतुक केलं, त्याला कळेना. मी म्हटलं, "दोन्ही. या खोलीत आज पहिल्यांदा खरा निकाल आला."

तो हसला. बसला. पाच मिनिटांनी विचारलं, "सन्मती माज्याबद्दल काय काय सांगायचा?"

"जेवल्यावर परत भाकरी शोधतोस म्हणून सांगायचा."

"त्ये खरं हाय," तो म्हणाला. त्या दिवशी एवढंच. पण पुढच्या आठवड्यात तो आला, आणि वेळेवर आला. वडापच्या जीपमध्ये मागं लोंबकळत.

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यू नावाची आमची एक पद्धत आहे. उपदेश करायचा नाही, विचारत राहायचं आणि पोराला स्वतःच्या तोंडून ऐकू द्यायचं. शिकवताना ती फार सोपी वाटते. अभिनंदननं मला तीत घाम फोडला. "सोडून काय मिळेल?" विचारलं की म्हणायचा, "झोप जाईल." आणि ते खरं होतं. सोडायला लागल्यावर झोप उडते, भूक मरते, चिडचिड होते, पडली झोप तर चित्रविचित्र स्वप्नं पडतात. "आक्का, सपनात आप्पा नाचत हुतं," म्हणाला एकदा. डॉक्टरांनी त्याला काही दिवस झोपेची गोळी दिली. स्वप्नाला काही औषध नव्हतं.

महिनाभरानं मी आप्पांना फोन केला. "आप्पा, तुम्ही याच्या कामाला दुसऱ्याला पाठवलंत. आता घरच्या कामाला याला कुठेतरी पाठवा."

"कुटं?"

"कुठंही. जिथं घराचं नाव असेल तिथं."

"बगतो," आप्पा नाखुशीनं म्हणाले. पण आप्पा शब्दाला जागणारे. सदलग्याच्या एका लग्नाला त्यांनी अभिनंदनला पाठवलं. इस्त्रीचा शर्ट, हातात आहेर, मागं कुणी नाही. नंतर मला कळलं की आप्पा दिवसभर जेवले नव्हते.

पुढच्या आठवड्यात तो आला आणि न विचारताच म्हणाला, "ओढली, आक्का. तितं जुना मैतर भेटला."

"कधी?"

"मैतर सकाळीच म्हणत हुता. म्हटलं, घरचं माणूस म्हणून आलोय, अक्षता पडू देत. मग आहेर दिला, सगळ्यांस्नी भेटलो, जेवलो. आप्पांनी इचारायला सांगितल्यालं सगळं इचारलं. मग निघताना."

"म्हणजे दहा मिनिटांचे पाच तास झाले."

त्यानं मान वर केली. हे त्यानं असं मोजलंच नव्हतं. मीही त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या नाहीत, टाळ्यांचा माझा अनुभव ताजा होता. पण मनातून मला फार आनंद झाला. तीन महिने सन्मतीच्या स्वच्छ लघवीनं मला जे दिलं नव्हतं, ते या एका कबुलीनं दिलं.

दुपारी आप्पांचा फोन आला. "परत ओढला बगा! सदलग्याहनं डोळं लाल करून आला. म्या सांगत न्हवतो? फुडच्या कार्याला सन्मतीलाच..."

"आप्पा, आहेर पोचला का?"

"पोचला."

"पाव्हण्यांशी नीट बोलला का?"

"त्येंचा फोन आल्ता. म्हणालं, पोरगं लई सबागती हाय, गुणाचं हाय."

"मग शोभा कुठं झाली?"

आप्पा पुटपुटले, "ह्या आयतवारी समडोळीला एक बारसं हाय."

असं काही एका सरळ रेघेत झालं नाही. बारशाहून तो कोरा आला. गावच्या जत्रेत घसरला, आणि दोन आठवडे आलाच नाही. हिरेमठ सर त्याच्या घरी जाऊन मराठीत रागावून आले. तिसऱ्या आठवड्यात तो आला, खाली बघत बसला, म्हणाला, "मला वाटलं तुमी सन्मतीला बोलावशीला." मी म्हटलं, "सन्मतीवरचा माझा उपचार संपलाय." त्यानंतर तो चुकला नाही. डिप्लोमाचे राहिलेले विषय भरले. गाडीची किल्ली मिळाली, मात्र आधी सकाळपुरती. किटवरची तपासणी बऱ्याच आठवड्यांनी स्वच्छ आली, तेव्हा त्यानं मला तीनदा विचारलं, "किट बिगडलं तर न्हाई?"

मुदत संपत आली. कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी आप्पांचा फोन. घरातली सगळी गाडी काढून बेळगावला येणार होती, सन्मतीसकट. मला अडवायची गरज पडली नाही, कारण सकाळी कोर्टाच्या आवारात अभिनंदन एकटाच उभा होता.

"घरचे?" मी विचारलं.

"गाडी काढली हुती. म्या म्हटलं, नगं."

"आप्पांनी ऐकलं?"

"आप्पांनीच किल्ली दिली, आक्का. दिवसभराची."

हिरेमठ सरांनी रिपोर्ट दिला. त्यात घसरलेले दिवसही होते, न आलेले आठवडेही होते. माझा हा आतापर्यंतचा सगळ्यांत कमी देखणा रिपोर्ट. न्यायाधीश बाईंनी तो वाचला, मग चष्म्यावरून बघत विचारलं, "घरातलं कोण आलंय?"

"मी आलोय, मॅडम," अभिनंदन म्हणाला.

"तसं नाही. मोठं कुणी? जामीन कुठं आहेत?"

"घरात हाईत. आमच्यात घरटी एक माणूस जातंय. ह्या खेपेला मला पाठवलंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तोच आहे म्हणून. त्यांनी सही केली आणि केस बंद झाली. हिरेमठ सर बाहेर येऊन परत बराच वेळ खोकले, पण या वेळी डोळे पुसत होते.

आज तो कधीच ओढत नाही असं मी छातीठोक सांगणार नाही. या धंद्यात छाती ठोकायची नसते. पण फोन तोच करतो, आणि घसरला तरी तोच सांगतो. सन्मती आता सोशल वर्कचा कोर्स करतोय. म्हणे, आवड तीन महिन्यांत लागली.

मला अजूनही विद्यार्थ्यांसमोर बोलायला बोलावतात. एंगेजमेंट कशी करायची, असं पोरं विचारतात. मी सांगते, आधी समोर बसलाय तो तोच आहे याची खात्री करा. मग त्याच्या घरी जा आणि विचारा, याला तुम्ही कुठं कुठं पाठवता. उत्तर 'कुठंच नाही' असं आलं, तर गांजाचं नंतर बघा.